ग्लिसरीन म्हणजे नेमके काय, आणि ते इतक्या वेगवेगळ्या वस्तूंमध्ये का वापरले जाते?

कुतूहल (प्रश्न)

नमस्कार. वस्तूंच्या वेष्टनांवर छापलेली घटकांची यादी वाचण्याची मला सवय आहे. त्या याद्यांमध्ये एक नाव इतक्या वेळा दिसते की त्याबद्दल नीट समजून घ्यावे असे वाटू लागले आहे. ते नाव म्हणजे ग्लिसरीन. टूथपेस्ट, खोकल्याचे औषध, चेहऱ्याला लावायचे क्रीम, केकवरचे आयसिंग, पारदर्शक साबण अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या वस्तूंमध्ये ते असते. काही ठिकाणी त्यालाच ग्लिसरॉल म्हटलेले असते, तर खाद्यपदार्थांवर कधीकधी नुसता 'ई ४२२' असा क्रमांक असतो.

माझ्या शंका पुढीलप्रमाणे आहेत. ग्लिसरीन हे रासायनिकदृष्ट्या अल्कोहोल आहे असे वाचले. तसे असेल तर ते स्पिरिटसारखे उडून का जात नाही, आणि त्याने नशा का येत नाही? ते त्वचेला ओलावा देते असे काही जण सांगतात, तर काही जण ते त्वचेतलाच ओलावा ओढून घेते असे बजावतात. यांतले खरे कोणते मानावे? नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक याच पदार्थापासून तयार होत असेल, तर ग्लिसरीनची साधी बाटली घरात ठेवणे कितपत सुरक्षित आहे? आणि 'वनस्पतीजन्य' असे ठळकपणे लिहिलेले ग्लिसरीन इतर ग्लिसरीनपेक्षा खरोखर वेगळे असते का?

शाळेत शिकलेले रसायनशास्त्र मला बऱ्यापैकी आठवते, त्यामुळे रेणूची रचना सांगून समजावले तरी चालेल. किंबहुना तसेच समजावून घ्यायला मला आवडेल.

रसायन-अध्यापक

आपण रचनेपासून सुरुवात करायला सांगितलीत हे फार चांगले झाले, कारण ग्लिसरीनचे जवळजवळ सगळे गुण त्याच्या रेणूच्या आकृतीतच दिसतात. तीन कार्बन अणूंची एक लहानशी साखळी डोळ्यांसमोर आणा आणि त्यांतल्या प्रत्येक कार्बनला एकेक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी, जोडलेली आहे असे समजा. एकूण तीन कार्बन, आठ हायड्रोजन आणि तीन ऑक्सिजन अणू मिळून हा रेणू होतो. शास्त्रीय पद्धतीने त्याला प्रोपेन-१,२,३-ट्रायॉल म्हणतात. ग्लिसरॉल हे शुद्ध संयुगाचे नाव आहे, आणि ग्लिसरीन हे व्यापारात व औषधांत रूढ झालेले नाव आहे, जे थोडे पाणी असलेल्या द्रवालाही लावले जाते. पदार्थ एकच आहे.

अल्कोहोल हे एका पदार्थाचे नाव नसून संयुगांच्या एका कुलाचे नाव आहे. कार्बनच्या साखळीला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असला की ते संयुग या कुलात येते. मद्यात असते ते इथेनॉल आणि तेही याच कुलातले आहे, पण एका कुलातली संयुगे स्वभावाने सारखीच असतील असे मानण्याचे काही कारण नाही. फरक पडतो तो हायड्रॉक्सिल गटांच्या संख्येने. हा गट शेजारच्या रेणूच्या तशाच गटाशी हायड्रोजन बंध जोडतो, आणि असे बंध जितके जास्त तितके रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात.

हे आकड्यांतून फार स्पष्ट दिसते. एकही हायड्रॉक्सिल गट नसलेला तीन कार्बनचा प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसलाच उकळतो, म्हणून तो नेहमीच्या तापमानाला वायू असतो. टोकाला एक गट जोडला की होणारे प्रोपेनॉल ९७ अंशांना उकळते. दोन गट असलेले प्रोपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंशांना उकळते, आणि तिन्ही कार्बनवर गट असलेले ग्लिसरॉल थेट २९० अंशांच्या आसपास पोहोचते, तेही विघटन होत होत. कार्बनचा सांगाडा चारही ठिकाणी तोच आहे. स्पिरिटचा थेंब हातावरून उडून जातो आणि ग्लिसरीनचा थेंब तसाच बसून राहतो, त्याचे कारण या चार आकड्यांत आहे. वर्गात हायड्रोजन बंध शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मला आजवर सापडलेले नाही.

त्याचा दाटपणा, ज्याला पाठ्यपुस्तकांत विष्यंदिता म्हणतात, तोही याच कारणाने येतो. २० अंशांना शुद्ध ग्लिसरॉल पाण्याच्या सुमारे चौदाशे पट दाट असते. त्यात वजनाने केवळ वीस टक्के पाणी मिसळले, तर हाच आकडा पाण्याच्या साठ पटींपर्यंत घसरतो, कारण पाण्याचे लहान रेणू मध्ये शिरून ग्लिसरॉलच्या रेणूंची आपसातली पकड सैल करतात. घनता मात्र पाण्याच्या सव्वापटच आहे. बाटली उलटी केल्यावर द्रव सावकाश उतरतो, याचा अर्थ तो फार जड आहे असा नव्हे. दाटपणा आणि घनता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि विद्यार्थी त्यांची हमखास गल्लत करतात.

पाण्याशीही हेच तीन गट बंध जोडतात. म्हणून ग्लिसरॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते आणि उघडे ठेवले तर हवेतली आर्द्रता शोषून घेते. तेलात मात्र ते विरघळत नाही. यात एक मौज आहे, कारण सगळ्या तेलातुपाचा कणाच मुळात ग्लिसरॉल आहे. त्याच्या तीन हायड्रॉक्सिल गटांशी तीन मेदाम्लांच्या लांब साखळ्या जोडल्या गेल्या की ट्रायग्लिसराइड तयार होते. रक्ततपासणीच्या अहवालात दिसणारे ट्रायग्लिसराइड ते हेच. पाण्याशी बंध जोडणारे गट असे गुंतले गेले की उरतात त्या पाण्याला दूर ठेवणाऱ्या साखळ्या. कार्ल विल्हेल्म शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवले, तेव्हा त्या साखळ्या सुटल्या आणि एक गोड, दाट द्रव हाती आला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशेल शेव्हरल यांनी मेदांची घडण उलगडली आणि या द्रवाला नावही दिले. गोडी साखरेच्या साधारण साठ टक्के असते.

राहिला नशेचा प्रश्न. इथेनॉलचा रेणू लहान असतो, त्यात एकच हायड्रॉक्सिल गट असतो, आणि पाण्यात व मेदात दोन्हीकडे त्याची ये-जा असल्यामुळे तो पेशींच्या पटलांतून सहज पार होऊन मेंदूपर्यंत चटकन पोहोचतो. ग्लिसरॉल पाण्याकडेच इतके ओढलेले असते की मेदयुक्त पटल त्याला सहजी ओलांडता येत नाही. शिवाय शरीर त्याला ओळखते. अंगातली चरबी वापरली जाते तेव्हा ग्लिसरॉल मोकळे होतच असते, आणि यकृत त्याचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करते.

औषधनिर्माण-अभ्यासक

अध्यापकांनी पाया घातलेलाच आहे, तेव्हा मी त्वचेच्या आणि औषधांच्या बाजूने लिहितो.

त्वचेबद्दल आपण ऐकलेली दोन्ही विधाने अर्धी अर्धी खरी आहेत. ग्लिसरीन पाणी निर्माण करत नाही. ते पाणी धरून ठेवते आणि जिथून मिळेल तिथून ओढते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात ते मुरले की तिथले पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो आणि तो थर लवचीक राहतो. आपल्या त्वचेतही मुळात थोडे ग्लिसरॉल असते, आणि त्याची पेशींत ने-आण करणारे ॲक्वापोरिन-३ नावाचे प्रथिन बाह्यत्वचेच्या पेशींमध्ये असते, म्हणजे बाहेरून लावलेला हा पदार्थ त्वचेला परका नाही. मात्र अगदी शुद्ध, पाणी न मिसळलेले ग्लिसरीन कोरड्या हवेत त्वचेवर लावले, तर हवेतून पुरेसे पाणी मिळत नसल्यामुळे ते आतल्या थरांतून पाणी ओढू शकते, आणि ओठांवर किंवा चिरलेल्या त्वचेवर चुरचुर जाणवू शकते. याच कारणाने क्रीम-लोशनमध्ये ते पाण्यासोबत मिसळलेले असते आणि त्याच्या जोडीला पेट्रोलियम जेलीसारखा एखादा स्निग्ध पदार्थ असतो. ग्लिसरीन पाणी पकडते आणि स्निग्ध थर ते उडू देत नाही. शुद्ध ग्लिसरीन हाताशी असेल तर पाणी मिसळून, आणि शक्यतो अंग ओलसर असतानाच लावावे.

औषधांमध्ये त्याची कामे अनेक आहेत आणि तीही याच गुणांतून येतात. खोकल्याच्या पातळ औषधाला ते दाटपणा आणि गोडी देते. घशाच्या अस्तरावर त्याचा थर काही वेळ टिकतो आणि खवखव कमी होते. टूथपेस्टचे टोक उघडे राहिले तरी ती वाळून दगड होत नाही, ते यामुळेच. बद्धकोष्ठतेसाठी गुदमार्गे वापरायच्या ग्लिसरीनच्या वड्या आतड्याच्या अस्तरातून पाणी ओढून मल मऊ करतात. डोळ्यांतला दाब एकाएकी वाढलेल्या रुग्णाला ग्लिसरॉल पोटातून देण्याची पद्धतही आहे, कारण रक्तात त्याचे प्रमाण वाढले की परासरणामुळे डोळ्यातले पाणी रक्ताकडे ओढले जाते. हा उपचार अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो.

आता ज्या विषयासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, त्याकडे येतो. ग्लिसरीनचा धोका ग्लिसरीनमध्ये नाही. तो त्याच्या जागी येणाऱ्या डायएथिलीन ग्लायकॉल या दुसऱ्या संयुगात आहे. हेही रंगहीन, गोडसर आणि दाट असते, पाण्यात सहज मिसळते, उद्योगधंद्यांत स्वस्तात मिळते, आणि डोळ्यांनी, जिभेने किंवा वासाने त्याला ग्लिसरीनपासून वेगळे ओळखता येत नाही. शरीरात गेल्यावर ते मूत्रपिंडे निकामी करते. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात विकण्यासाठी एका कंपनीने द्रावक म्हणून हेच संयुग वापरले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक लहान मुले होती. बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचे दाखवून देणे बंधनकारक करणारा १९३८ चा अमेरिकेतला कायदा या घटनेनंतर आला. पुढे १९९५-९६ मध्ये हैतीमध्ये तापाच्या औषधासाठी आलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि ऐंशीहून अधिक मुलांचा जीव गेला. २००६ मध्ये पनामात खोकल्याच्या औषधाबाबत तेच घडले. तिथे तर पिंपांवर ग्लिसरीन असे लिहिलेले होते आणि तो माल अनेक मध्यस्थांच्या हातांतून, देशोदेशी फिरून आला होता.

हैती आणि पनामा या दोन्ही ठिकाणी त्रुटी एकच होती. कागदावर लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवला गेला आणि पिंपातला द्रव तपासला गेला नाही. हे मला अतिशय अस्वस्थ करते, कारण तपासणी अवघड नाही. वायू वर्णलेखनाने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी या तंत्राने, हे दोन्ही पदार्थ स्वच्छ वेगळे दिसतात, आणि अमेरिकी औषधकोशानुसार, म्हणजे औषधांच्या शुद्धतेचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथानुसार, औषधी ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ०.१० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये औषध-उत्पादकांसाठी या चाचणीबाबत स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. मालाची प्रत्येक खेप, तिच्यातले प्रत्येक पिंप, वापरण्याआधी तपासायला हवे, आणि यात कोणतीही सवलत असता कामा नये असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राहक म्हणून आपल्या हातात एवढेच आहे की पोटात घ्यायच्या किंवा अंगाला लावायच्या कामासाठी औषधकोशाच्या दर्जाचेच ग्लिसरीन घ्यावे, आणि औद्योगिक वापराचे सुटे ग्लिसरीन यासाठी कधीही वापरू नये.

कुतूहल

दोघांचेही मनापासून आभार. चार उत्कलनांकांचे उदाहरण वाचल्यावर बऱ्याच गोष्टी एकदम जुळून आल्या. डायएथिलीन ग्लायकॉलबद्दल मला काहीच कल्पना नव्हती आणि ते वाचून मन सुन्न झाले. स्फोटकाचा आणि 'वनस्पतीजन्य' या शब्दाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. त्यावर कोणी लिहील का?

प्रक्रिया-अभियंता

मेदापासून ग्लिसरीन वेगळे काढण्याच्या कामाशी माझा बराच काळ संबंध आला आहे, म्हणून दोन्ही प्रश्न घेतो.

आधी स्फोटक. ग्लिसरीन स्वतः स्फोटक नाही, आणि सहज पेट घेणाराही पदार्थ नाही. त्याची वाफ पेटण्याइतकी तयार होण्यासाठी ते सुमारे १६० अंशांच्या वर तापवावे लागते. नायट्रोग्लिसरीन हे वेगळे संयुग आहे. त्यात ग्लिसरॉलच्या तिन्ही हायड्रॉक्सिल गटांच्या जागी नायट्रेट गट आलेले असतात, आणि त्यामुळे एकाच रेणूत जळणारा भाग आणि त्याला जाळणारा ऑक्सिजन शेजारी शेजारी येऊन बसतात. बाहेरच्या हवेची गरजच उरत नाही. हिशेब मांडला तर सगळा कार्बन आणि सगळा हायड्रोजन पूर्ण जळूनही थोडा ऑक्सिजन शिल्लक राहतो. धक्का बसताच तो द्रव क्षणार्धात अतितप्त वायूंमध्ये बदलतो, आणि त्या वायूंचे प्रसरण म्हणजेच स्फोट. ग्लिसरीनचे नायट्रोग्लिसरीन बाटलीत आपोआप कधीच होत नाही, तेव्हा निर्धास्त राहावे. घरातल्या बाटलीबाबत एकच दक्षता महत्त्वाची आहे. पोटॅशियम परमँगनेटसारख्या तीव्र ऑक्सिडीकारकाशी शुद्ध ग्लिसरीनचा संपर्क येऊ देऊ नये, कारण त्यांचे मिश्रण थोड्या वेळाने आपोआप पेट घेते. दोन्ही वस्तू घरात असतील तर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

नायट्रोग्लिसरीन प्रथम बनवले ते अस्कानियो सोब्रेरो यांनी, ट्युरिन येथे, १८४७ च्या सुमारास. त्याचा धोका पाहून त्यांनी त्याच्या वापराविरुद्ध इशारे दिले. आल्फ्रेड नोबेल यांच्या कारखान्यात १८६४ मध्ये झालेल्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल मृत्युमुखी पडला, आणि त्यानंतर काही वर्षांतच, १८६७ मध्ये, सच्छिद्र डायटमी मातीत हा द्रव जिरवून तयार केलेल्या डायनामाइटचे एकस्व (पेटंट) नोबेल यांनी घेतले. याच संयुगाचा हृदयशूळावर उपयोग होतो हे विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आजही जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या रूपात ते दिले जाते. शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. नायट्रिक ऑक्साइड हा शरीरातला संदेशवाहक आहे या शोधाला १९९८ चा नोबेल पुरस्कार मिळाला. त्या गोळीतली मात्रा अत्यल्प आणि इतर घटकांत मिसळलेली असते, त्यामुळे तिचा स्फोट होत नाही.

आता ग्लिसरीन येते कुठून ते पाहू. सर्वांत जुना मार्ग साबणाचा आहे. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की मेदाम्लांचे क्षार, म्हणजे साबण, तयार होतो आणि ग्लिसरॉल मोकळे होते. मीठ घातले की साबण वर येतो आणि खाली राहिलेल्या खारट पाण्यात ग्लिसरीन असते. ते पाणी आटवून, मीठ गाळून, उरलेल्या द्रवाचे निर्वातात ऊर्ध्वपातन करतात. निर्वात लागतो, कारण साध्या दाबाखाली २९० अंशांपर्यंत तापवू गेल्यास ग्लिसरॉलमधून पाण्याचे रेणू निघून ॲक्रोलीन तयार होऊ लागते. करपलेल्या तेलाचा डोळ्यांना झोंबणारा जो वास असतो, त्यात हेच ॲक्रोलीन असते. दुसरा मार्ग म्हणजे अतिउष्ण पाण्याने, मोठ्या दाबाखाली, मेदाचे थेट विघटन करणे.

युद्धकाळात या पदार्थाची मागणी किती वाढत असे हे सांगण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीला मेद अपुरे पडू लागले, तेव्हा तिथे साखरेच्या किण्वनात सल्फाइट घालून यीस्टकडून इथेनॉलऐवजी ग्लिसरॉल जास्त तयार होईल अशी प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर चालवली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या गृहिणींना स्वयंपाकातली उरलेली चरबी साठवून परत देण्याचे आवाहन सरकारी मोहिमेतून करण्यात आले होते, आणि तीही ग्लिसरीनसाठीच. त्यानंतर पेट्रोलियममधल्या प्रोपिलीनपासून, एपिक्लोरोहायड्रिन या मधल्या संयुगामार्गे, कृत्रिम ग्लिसरीन तयार होऊ लागले.

मग बायोडिझेल आले आणि चित्र पालटले. तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया करून बायोडिझेल बनवताना दर शंभर किलोमागे साधारण दहा किलो ग्लिसरीन निघते, ते कोणाला हवे असो वा नसो. बाजारात इतके ग्लिसरीन आले की पेट्रोलियमपासून ते बनवणे परवडेनासे झाले. इतकेच नव्हे तर प्रक्रियेची दिशाच काही कारखान्यांत उलटली, आणि पूर्वी ज्या एपिक्लोरोहायड्रिनपासून ग्लिसरीन करत, ते एपिक्लोरोहायड्रिनच आता ग्लिसरीनपासून करू लागले. रासायनिक उद्योगात असा पूर्ण उलटा प्रवास क्वचितच पाहायला मिळतो.

यातच आपल्या चौथ्या शंकेचे उत्तर आहे. शुद्ध ग्लिसरॉलचा रेणू खोबरेल तेलातून आलेला असो, चरबीतून आलेला असो की प्रोपिलीनमधून, तो अगदी तोच असतो आणि तसाच वागतो. ज्यांना आहाराच्या किंवा श्रद्धेच्या कारणाने प्राणिजन्य पदार्थ टाळायचे आहेत, त्यांच्यासाठी 'वनस्पतीजन्य' या शब्दाला निश्चितच महत्त्व आहे. गुणवत्तेची खात्री मात्र त्या शब्दाने मिळत नाही. ती शुद्धतेच्या दर्जाने मिळते. बायोडिझेलच्या टाकीतून थेट काढलेल्या तपकिरी ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल, क्षार आणि साबणाचे अंश असतात; तेही शंभर टक्के वनस्पतीजन्य असू शकते, पण शुद्धीकरणाआधी ते अंगाला लावण्याच्या मुळीच लायकीचे नसते.

सूक्ष्मजीव-निरीक्षक

एक उपयोग राहून गेला आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेचे रोजचे काम त्यावर चालते. पाणी गोठताना त्याचे स्फटिक वाढतात आणि पेशींची पटले फाडतात. ग्लिसरॉल पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे गुंतवून ठेवते, त्यामुळे स्फटिक सहज जुळत नाहीत. दोन तृतीयांश ग्लिसरॉल आणि एक तृतीयांश पाणी यांचे मिश्रण उणे ४६ अंशांच्या आसपास गोठते, मग शुद्ध ग्लिसरॉलचा द्रवणांक १८ अंश आहे हे लक्षात घेतले की आश्चर्य वाटते: मिश्रण दोन्ही घटकांपेक्षा कितीतरी खाली द्रव राहते.

१९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या इंग्लंडमधल्या संशोधकांनी ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या कोंबड्याच्या शुक्राणूंमध्ये वितळवल्यानंतरही हालचाल टिकते असे दाखवले. गोठवलेल्या वीर्याच्या साहाय्याने होणारे गुरांचे कृत्रिम रेतन त्यातूनच वाढले. दुर्मीळ रक्तगटाच्या तांबड्या पेशी गोठवून वर्षानुवर्षे ठेवतानाही ग्लिसरॉल वापरतात, आणि रुग्णाला देण्याआधी ते काळजीपूर्वक धुऊन काढतात. जिवाणूंचे नमुने आम्ही साधारण १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवतो, तर विकरे (एन्झाइम) निम्म्या ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांना ठेवतो, जिथे ती न गोठता द्रवरूपातच राहतात आणि हवी तेव्हा थेट वापरता येतात. निसर्गात ही युक्ती फार जुनी आहे. थंड प्रदेशांतले अनेक कीटक हिवाळ्याआधी अंगात ग्लिसरॉल साठवतात, आणि उत्तर अमेरिकेतला करडा वृक्षबेडूक तर त्याच्या आधाराने अंशतः गोठूनही जिवंत राहतो.

कुतूहल

हे सगळे वाचून समाधान झाले. एक शेवटची शंका विचारतो. शरीराला ग्लिसरॉल ओळखीचे आहे आणि खाद्यपदार्थांत ते चालते असे दिसते, तर मग ते खाण्यात कितीही आले तरी चालते असे समजावे का?

औषधनिर्माण-अभ्यासक

नाही, तसे समजू नये. आयसिंग मऊ राहावे म्हणून घातलेल्या प्रमाणात ते निर्धोक आहे. एका ग्रॅममागे सुमारे ४.३ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साखरेपेक्षा किंचित जास्तच, त्यामुळे 'साखरविरहित' या शब्दाचा अर्थ कॅलरीविरहित असा घेता येत नाही. थोड्या वेळात जास्त ग्लिसरॉल पोटात गेले तर डोकेदुखी, मळमळ आणि जुलाब होतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. साखर न घालता बनवलेली बर्फाळ स्लश पेये पूर्ण गोठून कडक होऊ नयेत म्हणून त्यांत ग्लिसरॉल घालतात. ते चटकन प्यायल्यावर मुलांच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याच्या आणि शुद्ध हरपल्याच्या घटना ब्रिटन व आयर्लंडमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये चार वर्षांच्या व त्याखालील मुलांना अशी पेये देऊ नयेत असा सल्ला दिला, आणि २०२५ मध्ये ती वयोमर्यादा वाढवून सात वर्षांखालील सर्व मुलांना लागू केली. शरीराचे वजन जितके कमी, तितकेच ग्लिसरॉल त्या शरीराला अधिक बाधते. म्हणून पेयाच्या वेष्टनावर 'ग्लिसरॉल' किंवा 'ई ४२२' लिहिलेले दिसले आणि ते पेय लहान मुलासाठी असेल, तर ते त्याला देऊ नये.